पोकर स्पर्धा: समोरच्याला ओळखायचे म्हणजे नेमके काय ओळखायचे?

शांतडोह (धागाकर्ता)

पोकरच्या स्पर्धांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळा चष्मा लावलेला आणि समोरच्याच्या मनातले पत्ते वाचून दाखवणारा खेळाडू उभा राहतो. मी काही वर्षे नो-लिमिट होल्डेमच्या (दोन पत्ते हातात, पाच सगळ्यांसाठी पटावर आणि पैजेला मर्यादा नाही, असा पोकरचा प्रकार) स्पर्धा खेळतो आहे आणि सुरुवातीला याच चित्राच्या नादी लागून बऱ्याच चिप्स गमावल्या आहेत. आता माझे मत असे झाले आहे की प्रतिस्पर्धी ओळखणे हे बरेचसे धान्य पाखडण्यासारखे काम आहे. होल्डेममध्ये हातातील दोन पत्त्यांच्या एकूण १३२६ जुळण्या शक्य असतात. समोरचा खेळाडू कोणत्या जागेवरून, किती चिप्स शिल्लक असताना आणि किती रकमेने डाव उघडतो हे पाहिले की त्यांतील मोठा भाग तिथेच उडून जातो, आणि पुढच्या प्रत्येक पैजेला उरलेल्यांतून आणखी काही गळत जातात. शेवटी सुपात जे उरते त्याच्याशी आपल्या पत्त्यांची तुलना करायची असते. एकच जुळणी उरेल अशी अपेक्षा ठेवणारा माणूस बहुधा स्वतःच्या भीतीला किंवा आशेलाच अंदाज समजत असतो.

नामवंत पोकरपटू स्टू अंगर यांचा मन्सूर मातलुबी यांच्याविरुद्धचा प्रसिद्ध डाव मनकवडेपणाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. पटावर तिर्री, तिर्री, सत्ती, राजा, राणी असे पत्ते होते. मातलुबी यांनी उरलेल्या सगळ्या, म्हणजे ३२,००० च्या चिप्स पुढे सारल्या आणि अंगर यांनी केवळ दश्शी-नव्वी हातात असताना, जोडीसुद्धा नसताना, तुझ्याकडे चव्वी-पंजी किंवा पंजी-छक्की आहे असे सांगून कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या. मातलुबी यांच्याकडे खरोखरच चव्वी-पंजी होती. ऐकायला हा चमत्कार वाटतो, पण पटाकडे पुन्हा पाहा. तिर्री आणि सत्ती यांच्या मधल्या जागेत बसून सरळ क्रमाची (लागोपाठच्या पाच पत्त्यांची) आशा धरणारे शेजारशेजारचे पत्ते नेमके हेच दोन संच आहेत, आणि आशा फसल्यावर ते दश्शीला हरतात. त्या बाजीचे मोठेपण मी मुळीच नाकारत नाही. तो अंदाज खरा ठरवून सर्वस्व लावण्याचे धैर्य माझ्यात नाही. तरी त्या अंदाजामागे पाखडणेच आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता माझा स्वतःचा एक डाव मांडतो, कारण तो अजून डोक्यातून गेलेला नाही. ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोघांनी भरायच्या सक्तीच्या पैजा) ५०० आणि १,०००, बिग ब्लाइंडने, म्हणजे त्यांतली मोठी पैज भरणाऱ्याने, भरायचा अँटे (आणखी एक सक्तीची रक्कम) १,०००, आणि आम्हा दोघांकडेही डावाच्या सुरुवातीला सुमारे ४०,००० चिप्स. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरच्या खेळाडूने २,२०० ला डाव उघडला, बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले आणि मी बिग ब्लाइंडवरून इस्पिकचा राजा आणि गुलाम घेऊन कॉल केला. पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, ५,९०० झाला. फ्लॉपवर (पटावरचे पहिले तीन पत्ते) बदाम राजा, बदाम अठ्ठी आणि किलवर तिर्री आली. मी चेक केले (पैज न लावता पाळी पुढे दिली), त्याने २,००० लावले, मी कॉल केला. टर्नवर (चौथा पत्ता) चौकट पंजी आली आणि आम्ही दोघांनीही चेक केले. रिव्हरवर (पाचवा, शेवटचा पत्ता) इस्पिक नव्वी आली, मी पुन्हा चेक केले आणि त्याने जराही न अडखळता ९,९०० च्या पॉटमध्ये ९,९०० लावले. तुमच्या मते त्याच्याकडे काय काय असू शकते? मी काय केले ते नंतर सांगतो.

मोजणीदार

धागा आवडला. थेट मोजणीला लागू या. तुम्हाला ९,९०० देऊन एकूण २९,७०० च्या पॉटसाठी झुंजायचे आहे, म्हणजे तीनांतून एकदा बरोबर ठरलात तरी चिप्सच्या हिशेबाने बरोबरी होते.

एक राजा पटावर आणि एक तुमच्या हातात असल्यामुळे एक्का-राजाच्या १६ ऐवजी ८ च जुळण्या उरतात. एक्क्यांच्या जोडीच्या ६ आहेत. परंतु पटावर दोन बदाम असताना हे १४ हात टर्नवर सहसा गप्प बसत नाहीत, कारण फुकटचा पत्ता देणे त्यांना परवडत नाही. त्यामुळे यांतला फार तर चौथा हिस्सा, म्हणजे साडेतीन जुळण्या मी धरीन. अठ्ठीच्या किंवा तिर्रीच्या जोडीवाला तीन सारखे जमल्यावर टर्नवरही पैज लावतो, म्हणून ते मी सोडून देतो. राजा-राणी टर्नवर चेक करील, पण रिव्हरवर पूर्ण पॉट लावणार नाही, अर्ध्यावर थांबेल. नव्व्यांची जोडी मात्र या कथेत अगदी चपखल बसते: फ्लॉपवर छोटी पैज, टर्नवर दबून राहणे आणि रिव्हरवर तिसरी नव्वी मिळताच मोठी उडी. तिच्या ३ जुळण्या आहेत. एकूण साडेसहा.

दुसऱ्या बाजूला फसलेले बदाम आहेत, म्हणजे फ्लशची (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांची) आशा हुकलेले हात. पहिल्या जागेवरून उघडण्याजोगे म्हणाल तर एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राणी-गुलाम, राणी-दश्शी आणि गुलाम-दश्शी, अशा ६ जुळण्या. त्या सगळ्यांनिशी तो ब्लफ करीत असेल (दुबळ्या पत्त्यांवर बळाचा आव आणत असेल) तर तुम्ही १०० पैकी ४८ वेळा जिंकता आणि कॉल अगदी सोपा आहे. त्यांतल्या निम्म्यांनीच करीत असेल तर ३ विरुद्ध साडेसहा, म्हणजे जेमतेम ३२, आणि कॉल तोट्याचा. सगळा डाव या एकाच प्रश्नावर येऊन थांबतो की हा माणूस हुकलेल्या आशेवर पूर्ण पॉट लावणाऱ्यांपैकी आहे का. पत्त्यांचा हिशेब तुम्हाला इथपर्यंत आणून सोडतो. पुढचे उत्तर त्या माणसाच्या आधीच्या वागण्यातूनच मिळू शकते.

शांतडोह

मोजणी मला मान्य आहे. राजांच्या जोडीची एक जुळणी तुम्ही सोडली, पण तीही टर्नवर पैज लावणार, म्हणून तक्रार नाही. त्या खेळाडूविषयी माझ्याकडे एवढीच माहिती होती की सुमारे २० डावांत तो फक्त दोनदा पत्ते घेऊन उतरला होता, म्हणून मी त्याला घट्ट खेळणारा समजत होतो.

मोजणीदार

इथेच मी तुम्हाला अडवतो. समजा तो मुळात चारांतून एक डाव खेळणारा, म्हणजे अगदी मध्यम स्वभावाचा खेळाडू आहे. त्यालाही २० डावांत दोन किंवा त्याहून कमी वेळा खेळण्याजोगे पत्ते मिळण्याची शक्यता सुमारे ९ टक्के निघते. नऊ जणांच्या टेबलावर असा एखादा दुर्दैवी सज्जन बसलेला असणे काही नवल नाही आणि सगळे टेबल त्याला उगाचच घट्ट समजून घाबरत असते. किती वेळा खेळला यापेक्षा शोडाउनला (डावाअखेर पत्ते उघडताना) कोणते पत्ते दाखवले याचे मोल कितीतरी अधिक आहे. पहिल्या जागेवरून छक्की-पंजी उघडताना एकदा दिसला तरी त्याच्याविषयीचा सगळा अंदाज बदलावा लागतो. जे डाव आपण खेळत नाही, त्यांतल्या शोडाउनकडे बहुतेक लोक पाहतच नाहीत आणि फोन काढून बसतात. मला त्यांचे फोन फार प्रिय आहेत.

निरीक्षक

एवढा वेळ चेहऱ्याचा आणि देहबोलीचा विषय कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटले. या बाबतीत दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. खोटे ओळखण्याविषयीच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो यांनी प्रसिद्ध केला, त्यात माणसे सरासरी ५४ टक्केच वेळा बरोबर निघाली, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा किंचित बरी. दुसरा अभ्यास पोकरचाच आहे. स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या चित्रफितींचे छोटे तुकडे प्रेक्षकांना दाखवले. ज्यांना खेळाडूंचे फक्त चेहरे दिसत होते त्यांचे अंदाज योगायोगापेक्षाही वाईट ठरले, आणि ज्यांना चिप्स पुढे सारणारे फक्त हात दिसत होते त्यांचे अंदाज योगायोगापेक्षा चांगले ठरले. याचा अर्थ मी असा लावतो की चेहरा सांभाळायचा हे प्रत्येकाला शिकवलेले असते, हातांकडे मात्र दुर्लक्ष होते.

तरीही हात सफाईने हलला म्हणजे पत्ते बलवान, असा ठोकळ नियम करू नये. प्रत्येकाची एक नेहमीची चाल असते आणि अर्थ असतो तो त्या चालीतल्या फरकाला. म्हणून मी पहिली दोन-तीन आवर्तने समोरचा माणूस काहीच पणाला लागलेले नसताना कसा बसतो, चिप्स कशा मोजतो, किती वेळ घेतो हेच पाहतो. पोकरवर लिहिणाऱ्या माइक कॅरो यांनी फार पूर्वी सांगितलेली गोष्ट, की नाटक करणारा खेळाडू बलवान असताना दुबळेपणाचे आणि दुबळा असताना बळाचे सोंग आणतो, नवख्यांच्या बाबतीत अजूनही उपयोगी पडते. मुरलेले खेळाडू तीच गोष्ट उलटी वापरून आपल्याला फसवतात.

माझ्या अनुभवात सर्वांत खात्रीची खूण ब्लफशी संबंधित नाहीच. आपल्या डाव्या हाताला बसलेले खेळाडू, ज्यांची पाळी आपल्यानंतर यायची आहे, ते आपले पत्ते पाळीच्या आधीच बघतात आणि टाकायचे असतील तर तसेच धरून ठेवतात. स्वतःचे पत्ते उशिरा पाहून आधी डावीकडे नजर टाकली, तर आपल्या मागचे दोघे बाद झाल्यासारखे आहेत हे फुकट कळते आणि शेवटून तिसऱ्या जागेवर असून आपण जणू बटणावरच, म्हणजे सर्वांत शेवटी पाळी येणाऱ्या जागेवरच, बसलेले असतो.

कच्चालिंबू

मी नवीन आहे, त्यामुळे प्रश्न भाबडा वाटल्यास क्षमस्व. मी फक्त संगणकावर खेळतो, तिथे ना चेहरा ना हात. शिवाय असे वाचले आहे की २०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या संगणक प्रणालीने सहा जणांच्या टेबलावर नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूंना हरवले आणि ती प्रतिस्पर्ध्यांचा काहीही अभ्यास करीत नव्हती. मग हे सगळे निरीक्षण करायचे तरी कशासाठी?

चौकटगुलाम

प्रश्न भाबडा मुळीच नाही. नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांची प्लुरिबस समोर कोण बसले आहे याची पर्वा न करता स्वतःचा समतोल खेळ खेळत राहते आणि तरीही जिंकली, हे खरे आहे. पण त्या प्रयोगात प्रत्येक डावाच्या सुरुवातीला सर्वांच्या चिप्स पुन्हा १०० बिग ब्लाइंड इतक्या केल्या जात आणि असे १०,००० डाव झाले. स्पर्धेत याच्या नेमके उलटे असते: चिप्स आटत जातात, ब्लाइंड वाढत जातात, एका खेळाडूशी आपली गाठ कधीकधी तीसच डाव पडते आणि समोरचे बहुसंख्य लोक समतोलाच्या जवळपासही नसतात. समतोल खेळ आपल्याला लुटू देत नाही. मात्र रिव्हरवर कधीच ब्लफ न करणाऱ्या माणसाला तो नेमाने कॉल करीत राहतो, आणि आपण माणसे तो खर्च वाचवू शकतो.

संगणकावर खेळताना खुणा निराळ्या असतात. पैजेची रक्कम ही मला सर्वांत बोलकी वाटते. जो खेळाडू चांगल्या पत्त्यांना बिग ब्लाइंडच्या अडीचपट आणि मध्यम पत्त्यांना दुप्पट उघडतो, त्याने आपले पत्ते अर्धे उघडेच टाकलेले असतात. वेळेचेही तसेच आहे: फ्लॉपवर क्षणात आलेला कॉल बहुधा मध्यम जोडीचा किंवा आशेवरच्या पत्त्यांचा असतो, कारण खरोखर बलवान हात असलेला माणूस रेझ करावे (पैज वाढवावी) की नाही याचा निदान क्षणभर विचार करतो. अर्थात तो एकाच वेळी चार टेबलांवर खेळत असेल तर त्याच्या विलंबाला काही अर्थ उरत नाही.

आकडे गोळा करणारी सॉफ्टवेअरे जिथे चालतात तिथे दोन आकडे पुरतात: शंभरांतून किती डावांत तो स्वेच्छेने पैसे घालतो आणि किती डावांत रेझ करून उतरतो. पहिला ४० आणि दुसरा ८ असेल तर समोर सतत कॉल करणारा माणूस आहे, त्याच्याविरुद्ध ब्लफ करणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि असा माणूस एकाएकी रेझ करू लागला तर चांगली जोडीसुद्धा टाकून द्यावी.

इस्पिकदुर्री

चर्चा चांगली चालली आहे, पण धाग्यात स्पर्धा हा शब्द असून स्पर्धेचे जे खरे वेगळेपण आहे त्यावर अजून कोणी आले नाही. चिप्स आणि बक्षीस एकाच प्रमाणात वाढत नाहीत. समजा चार खेळाडू उरले आहेत, चौघांकडे सारख्याच चिप्स आहेत आणि बक्षिसे तिघांनाच आहेत, ५०, ३० आणि २० टक्के. या क्षणी प्रत्येकाचा वाटा २५ टक्के होतो. कोणी ऑल-इन गेला, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या, आणि तुम्ही कॉल करून जिंकलात, तर चिप्स दुप्पट होतात, पण आयसीएम या चिप्सचे बक्षिसातील मोल काढण्याच्या प्रचलित पद्धतीने बक्षिसातील वाटा ५० होत नाही, ३८.३ च्या आसपास राहतो. हरलात तर हातात शून्य. म्हणून ब्लाइंड बाजूला ठेवले तर त्या कॉलला जिंकण्याची शक्यता ५० नव्हे, ६५ टक्के लागते.

आता इथे समोरच्याविषयी काय ओळखायचे? त्याचे पत्ते दुय्यम आहेत, त्याला हा ६५ चा हिशेब ठाऊक आहे का, हे आधी ओळखायचे आहे. ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर जवळजवळ कोणत्याही पत्त्यांनिशी दबाव टाकता येतो, कारण एक्का-गुलामसुद्धा तो टाकून देईल. ज्याला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही जो आता कंटाळून घरी जायच्या बेतात आहे, त्याच्यावर तोच दबाव टाकणे आत्मघात ठरतो. बबलच्या वेळी, म्हणजे बक्षिसांची रेषा अगदी जवळ आलेली असताना, मी टेबलावर एकच गोष्ट शोधतो: वेळ कोण काढतो आहे, बाकीच्या टेबलांवर कोण बाद झाले हे पाहायला कोण उठून जातो आहे. तो माणूस काय मिळवायला बसला आहे ते त्याच्या पायांनीच सांगितलेले असते.

ओळखणे आणि त्याप्रमाणे वागणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, याचे माझे आवडते उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेतले आहे. ८३९ खेळाडूंमधून शेवटचे दोघे उरले होते, क्रिस मनीमेकर आणि सॅम फार्हा. पटावर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी आणि शेवटी बदाम तिर्री. मनीमेकर यांच्याकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती, म्हणजे फ्लशही हुकलेला आणि सरळ क्रमही, आणि ते ऑल-इन गेले. फार्हा यांच्या हातातली नव्वी पटावरच्या नव्वीशी जुळून त्यांची जोडी झाली होती. तुझा फ्लश हुकला असणार, असा संशय त्यांनी तोंडाने बोलूनही दाखवला, आणि बराच विचार करून पत्ते टाकले. अंदाज बरोबर होता, पण चुकला तर द्यायची किंमत संपूर्ण स्पर्धेएवढी होती. त्यामुळे धागाकर्त्यांना माझा प्रश्न असा आहे की तुमचा तो डाव बबलच्या किती जवळ होता? मला संशय आहे की तुम्ही पत्ते टाकलेत आणि त्याचे कारण समोरच्या माणसात नव्हते.

निरीक्षक

एक पुरवणी जोडतो, मग थांबतो. समोरचा आपल्याविषयी काय समजून बसला आहे, हाही त्याला ओळखण्याचाच भाग आहे. नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टाड यांनी इंटरनेटवरची १८० जणांची एक स्पर्धा एकदाचा अपवाद वगळता स्वतःचे पत्ते न पाहता जिंकली होती, आणि त्याच वर्षी, २००७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी त्या वर्ल्ड सिरीजच्या युरोपातील पहिल्या मुख्य स्पर्धेत विजेत्या ठरल्या. पत्तेच पाहायचे नाहीत असे ठरवल्यावर पाहण्यासारखे उरते ते जागा, चिप्सचे ढीग आणि समोरच्यांची भीती. मी कमी रकमेच्या स्पर्धेत पाच-सहा आवर्तने हा सराव करून पाहिला आहे. सुरुवातीला फार अस्वस्थ वाटते, आणि मग लक्षात येते की एरवी आपली बरीचशी नजर स्वतःच्याच पत्त्यांवर खिळलेली असते.

शांतडोह

इस्पिकदुर्री, तुमचा संशय खरा आहे. बक्षिसांची रेषा आणखी अकरा खेळाडू बाद होण्याइतक्या अंतरावर होती, मी पत्ते टाकले, आणि त्याने आपले पत्ते न दाखवता डीलरकडे सरकवले. त्याच्याकडे काय होते ते मला कधीच कळणार नाही.

त्या वेळी मी स्वतःला असे समजावले की हा घट्ट खेळणारा माणूस आहे, तो पूर्ण पॉटचा ब्लफ करणार नाही. आता मोजणीदारांची ९ टक्क्यांची गोष्ट वाचल्यावर मान्य करावे लागते की ते ओळखणे नव्हतेच. वीस डावांतून मी त्याला एक नाव चिकटवले आणि मला जो निर्णय घ्यायचाच होता त्याला ते नाव टेकू म्हणून दिले. भीती बाद होण्याची होती, आणि खरे पाहता तीही अवास्तव होती, कारण कॉल करून हरलो असतो तरी माझ्याकडे सुमारे २५,००० चिप्स, म्हणजे २५ बिग ब्लाइंड उरत होते. त्या टेबलावर तेवढ्याच चिप्स घेऊन चौघे जण निवांत बसले होते. फार्हा यांच्यापुढे होती तशी किंमत माझ्यापुढे नव्हतीच.

आणखी एक गोष्ट आज लिहिता लिहिता आठवली. त्या डावाच्या साधारण अर्धा तास आधी तोच माणूस एका डावात टर्नवर चेक करून रिव्हरवर मोठी पैज लावून बसला होता, समोरच्याने कॉल केला होता आणि त्याने हुकलेला फ्लश दाखवला होता. मी त्या डावात नव्हतो. पत्ते टेबलावर उलटले तेव्हा मी नेमका मोजणीदारांना प्रिय असलेल्या त्या फोनमध्ये पाहत होतो, आणि शेजारच्याने सांगितलेले मी हो-हो करून ऐकले न ऐकल्यासारखे केले होते.

मोजणीदार

मग ६ पैकी ६ धरा. कॉल होता.

इस्पिकदुर्री

एका शोडाउनवरून ६ पैकी ६ धरणे हेही वीस डावांवरून घट्ट म्हणण्यासारखेच झाले. एकदा पकडला गेलेला माणूस पुढचा अर्धा तास अधिक सावधही होतो. मी ४ धरीन, म्हणजे ४ विरुद्ध साडेसहा, ३८ टक्के. चिप्सच्या हिशेबाने कॉल, आणि अकरा जणांची रेषा समोर असताना अगदी काठावरचा.